व्हिंटेज मोटारगाड्यांचा कालनिर्णय

जुनी मोटारगाडी प्रत्यक्षात केव्हा तयार झाली आणि तिच्या उत्पादकाने ती कोणत्या वर्षाचे मॉडेल म्हणून बाजारात आणली, या दोन गोष्टी गाडीवर ठोकलेले क्रमांक, तिची रचना, सुटे भाग व उपलब्ध कागदपत्रे यांवरून ठरविणे म्हणजे तिचा कालनिर्णय करणे होय. १९८१ सालापासूनच्या अमेरिकन गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ उरलेला नाही. कारण त्या वर्षी तेथे १७ चिन्हांचा वाहन ओळख क्रमांक रूढ झाला व त्यातील दहावे चिन्ह मॉडेलचे वर्षच दर्शविते. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकातील गाड्यांना असा एकसूत्री क्रमांक नव्हता. प्रत्येक कारखान्याची क्रमांक देण्याची रीत निराळी होती, ती मधूनच बदलतही असे. गाडीचे आयुष्य मात्र अनेक मालकांच्या आणि अनेक दुरुस्त्यांच्या हातून गेलेले असते. त्यामुळे मालकाने सांगितलेले वर्ष आणि गाडीच्या अंगावरील पुराव्यावरून निघणारे वर्ष यांत पुष्कळदा तफावत आढळते.

व्हिंटेज ही संज्ञा मोटारगाड्यांना सैलपणे लावली जात असली, तरी तिला निश्चित कालमर्यादा आहेत. ब्रिटनमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्‌स कार क्लबने ३१ डिसेंबर १९३० ही या वर्गाची अखेरची तारीख मानली. फीवा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्गीकरणातही १ जानेवारी १९१९ ते ३१ डिसेंबर १९३० या काळातील गाड्या या वर्गात येतात. त्यांपूर्वीच्या १९०५ ते १९१८ मधील गाड्यांचा वर्ग वेगळा आहे. लंडन ते ब्रायटन या प्रसिद्ध वार्षिक फेरीत १ जानेवारी १९०५ पूर्वी तयार झालेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो. १९०४ ची समजली जाणारी गाडी पुराव्यांती १९०५ ची ठरली, तर या फेरीची दारे तिला बंद होतात व तिची किंमतही उतरते. भारतातील कायदेशीर व्याख्या निराळ्या धर्तीची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेले दुचाकी वा चारचाकी वाहन, सांगाडा, बॉडी व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसल्यास, व्हिंटेज म्हणून नोंदविता येते व त्याच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. म्हणजे तेथे स्थिर कालखंडाऐवजी सरकती मर्यादा आहे, आणि ती मोजली जाते नोंदणीपासून, निर्मितीपासून नव्हे. हा भेद वरवर किरकोळ वाटतो. परंतु कालनिर्णयातील बहुतेक घोटाळे नेमके याच जागी उद्‌भवतात.

एका गाडीची अनेक वर्षे : जुन्या गाडीला एकच वर्ष असते, ही समजूत सोडून दिल्याशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही. सांगाडा (चासी) तयार झाल्याचे वर्ष, एंजिन तयार झाल्याचे वर्ष, बॉडी चढविल्याचे वर्ष, विक्रीचे वर्ष, नोंदणीचे वर्ष आणि मॉडेलचे वर्ष ही सहाही भिन्न असू शकतात. मॉडेलचे वर्ष ही मुळात व्यापारी कल्पना आहे. जनरल मोटर्स कंपनीने ॲल्फ्रेड स्लोन यांच्या कारकीर्दीत, १९२० नंतरच्या दशकात, दरवर्षी गाडीचे रूप बदलण्याचे धोरण पद्धतशीरपणे राबविले आणि इतर कंपन्यांनाही त्याचे अनुकरण करावे लागले. नवे मॉडेल जानेवारीतच निघते असे मात्र नव्हते. ब्रिटनमध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहातील शरद ऋतूत भरणाऱ्या प्रदर्शनात पुढील वर्षाच्या गाड्या मांडल्या जात. साहजिकच १९२७ च्या नोव्हेंबरात तयार झालेली गाडी १९२८ चे मॉडेल म्हणून विकली जाई. फोर्ड कंपनीचे मॉडेल-वर्ष साधारणतः ऑगस्टपासून पुढील जुलैपर्यंत चाले. उलट, लहान कारखाने एकच मॉडेल तीनचार वर्षे विशेष बदल न करता विकीत. त्यांच्या गाड्यांना मॉडेल-वर्ष लावणे हाच एक प्रकारचा कृत्रिमपणा होय.

क्रमांकांचा पुरावा : फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही गाडी कालनिर्णयाचे तंत्र समजून घेण्यास सर्वांत सोयीची आहे. ती १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने तयार झाली आणि तिच्यावर भरपूर संशोधनही झाले आहे. या गाडीचा क्रमांक म्हणजेच एंजिनाचा क्रमांक. तो एंजिनाच्या ठोकळ्यावर डाव्या बाजूस, पाणी आत येण्याच्या मार्गाच्या वर असलेल्या लहानशा सपाट उंचवट्यावर ठोकलेला असतो. सांगाड्यावर तोच क्रमांक ठोकण्याची पद्धत अगदी शेवटच्या काळातील गाड्यांतच आढळते. कंपनीच्या नोंदी उपलब्ध असल्याने क्रमांकावरून तारीख बऱ्याच अचूकपणे काढता येते : १० लाखावी गाडी १० डिसेंबर १९१५ रोजी, १ कोटीवी ४ जून १९२४ रोजी आणि दीड कोटीवी २६ मे १९२७ रोजी तयार झाली. यांतील पहिली तारीख १९१५ ची असली, तरी त्या सुमाराची गाडी मॉडेल-वर्षाच्या हिशोबाने १९१६ ची आहे, हे लक्षात घ्यावे.

तथापि हा क्रमांक एंजिनाचा आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. एंजिने मुख्य कारखान्यात तयार होऊन दूरदूरच्या जोडणी केंद्रांकडे पाठविली जात. तेथे ती गाडीत बसेपर्यंत काही आठवडे जात. शिवाय, एंजिनाचा ठोकळा तडकला की तो बदलला जाई. बदलीचे ठोकळे कारखान्यातून क्रमांकाविना येत आणि विक्रेत्याने त्यांवर जुनाच क्रमांक ठोकावा अशी अपेक्षा असे. अशा वेळी क्रमांक जुना व ठोकळा नवा, अशी जोडी जमते. हातोडीने एकेक आकडा ठोकलेला, ओळीबाहेर गेलेला किंवा वळणाने निराळा दिसणारा क्रमांक म्हणजे बनावट, असे म्हणूनच लगेच समजू नये. तो एखाद्या प्रामाणिक दुरुस्तीचाही अवशेष असू शकतो. मॉडेल टीची एंजिने गाडीचे उत्पादन थांबल्यावरही १९४१ पर्यंत तयार होत होती, त्यामुळे अशा अदलाबदलीला भरपूर वाव मिळाला.

अशा ठिकाणी ओतकामाची तारीख उपयोगी पडते. अनेक ठोकळ्यांवर ती उठावदार आकड्यांत ओतलेली असते. ठोकलेला क्रमांक घासून बदलता येतो. ओतलेल्या तारखेशी खेळणे फार कठीण असते. मात्र ती अमेरिकन रीतीने, म्हणजे आधी महिना, मग दिवस व शेवटी वर्ष, अशी वाचावयाची असते. आपल्याकडे ती उलट वाचली जाण्याचा धोका मोठा आहे. ‘७-९-२५’ ही तारीख ९ जुलै १९२५ होय; ती आपल्या सवयीप्रमाणे ७ सप्टेंबर अशी वाचली, तर दोन महिन्यांचाच फरक पडतो खरा, परंतु १९२६ ची सुधारित, ठेंगण्या बॉडीची मॉडेले १९२५ च्या ऑगस्टात निघाली असल्याने तेवढ्यानेच मॉडेल-वर्ष बदलते. ओतकामाची तारीख गाडीच्या क्रमांकावरून निघणाऱ्या तारखेच्या काही दिवस वा आठवडे अगोदरची असावी. ती नंतरची निघाली, तर ठोकळा बदललेला आहे, यात शंका राहत नाही.

रचनेचा पुरावा : क्रमांक नसेल किंवा त्यावर भरवसा ठेवता येत नसेल, तेव्हा गाडीच्या अंगोपांगांकडे वळावे लागते. मॉडेल टी वीस वर्षे बदललीच नाही, असा एक समज आहे. तो निराधार आहे. पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांत पाणी खेळविण्यासाठी पंप होता. पुढे तो काढून टाकून गरम पाणी आपोआप वर चढते या तत्त्वावर शीतनाची व्यवस्था केली गेली. प्रारंभीच्या एंजिनांत झडपा उघड्या असत. १९११ पासून त्यांवर झाकणे आली. १९१५ च्या मॉडेलमध्ये ॲसिटिलीन वायूच्या पुढच्या दिव्यांची जागा विजेच्या दिव्यांनी घेतली. १९१७ चे मॉडेल, म्हणजे १९१६ च्या ऑगस्टात निघालेली गाडी, दुरूनही ओळखू येते. कारण तोपर्यंतचा चकाकणारा पितळी रेडिएटर जाऊन त्या जागी काळ्या रंगाचे पोलादी कवच आले व चाकांवरील पंखे वळणदार झाले. १९१९ मध्ये विजेचा स्टार्टर मिळू लागला. ‘कोणताही रंग घ्या, पण काळा असेल तर’ या आशयाचे जे विधान हेन्री फोर्ड यांच्या नावावर सांगितले जाते, ते फार तर १९१४ ते १९२५ या काळालाच लागू पडते. त्याआधीच्या गाड्या हिरव्या, निळ्या अशा रंगांतही निघत आणि १९२६ च्या मॉडेलपासून रंग परत आले. म्हणून मूळ रंगाचा थर खरवडून निळा निघाल्यास तो कालनिर्णयाचा चांगला धागा ठरतो.

या खुणांचा उपयोग करताना एक तार्किक पथ्य पाळावे लागते. एखादा मूळचा भाग अमुक वर्षी प्रथम वापरात आला असेल, तर तो असलेली गाडी त्या वर्षापूर्वीची असू शकत नाही; परंतु तो भाग नसलेली गाडी त्या वर्षानंतरची नाहीच, असे म्हणता येत नाही. स्टार्टरचे उदाहरण बोलके आहे. १९१९ नंतरही उघड्या टपाच्या स्वस्त गाड्या बराच काळ स्टार्टरविना विकल्या जात. म्हणजे तो नसल्याने काहीच सिद्ध होत नाही. उलट, जुन्या गाडीला पुढे स्टार्टर जोडणारेही पुष्कळ होते. तेव्हा त्याचे असणेही आंधळेपणाने पुरावा मानता येत नाही. एंजिनाच्या ठोकळ्यातच जनित्र बसविण्यासाठी मुळात जागा ओतलेली आहे काय, हे पाहावे लागते. वरून जोडलेल्या वस्तूपेक्षा मूळ ओतकामाची साक्ष अधिक मोलाची, हे तत्त्व येथे सर्वत्र लागू पडते. आणखी एक अडचण अशी की, बदल एका दिवसात होत नसत. १९१५ च्या आरंभी काही महिने जुन्या व नव्या धर्तीच्या गाड्या एकाच वेळी तयार होत होत्या. साठा संपेपर्यंत जुने भाग वापरण्याची काटकसर हे फोर्ड कंपनीचे वैशिष्ट्यच होते.

मॉडेल टीच्या मागोमाग १९२७ च्या डिसेंबरात ‘मॉडेल ए’ विक्रीस आली. तिच्या क्रमांकाच्या आरंभी ए हे अक्षर असते व तो एंजिनाखेरीज सांगाड्याच्या डाव्या पट्टीवरही ठोकलेला असतो; मात्र ही जागा बॉडीखाली झाकली गेल्याने बॉडी उचलल्याखेरीज तो सहसा वाचता येत नाही. १९२८-२९ च्या गाड्यांची चाके २१ इंची व रेडिएटरचे कवच निकेलचा मुलामा दिलेले, तर १९३०-३१ च्या गाड्यांची चाके १९ इंची व कवच न गंजणाऱ्या पोलादाचे व अधिक उंच असते. १९३१ च्या कवचावर खालीवर दबलेल्या, रंगविलेल्या जागा असतात. १९३० व १९३१ यांमधील ही बारीक खूण ब्रिटिश व्याख्येनुसार व्हिंटेजपणाच्या सीमेवरच येते. डिसेंबर १९३० मधील मॉडेल ए या वर्गात मोडते आणि तिच्याच शेजारी, त्याच यंत्रमालेवर पुढच्या जानेवारीत तयार झालेली मोडत नाही. अशी रेषा कोठेतरी ओढावी लागते हे खरे, पण तिला यंत्रविद्येचा काही आधार नाही.

शेव्हरोले गाड्यांच्या बाबतीत दोन-तीन खुणा एकत्र घेतल्यास वर्ष निश्चित होते. १९२८ च्या ‘नॅशनल’ मॉडेलमध्ये पुढची व मागची चाके यांमधील अंतर १०३ इंचांवरून १०७ इंच झाले व चारही चाकांना ब्रेक आले. एंजिन मात्र चार सिलिंडरांचेच राहिले. १९२९ पासून एंजिन सहा सिलिंडरांचे झाले. तेव्हा चार सिलिंडर व चारही चाकांना मूळचे ब्रेक असलेली या काळातील शेव्हरोले गाडी १९२८ चीच असली पाहिजे. दोन खुणांच्या छेदातून असे एकच वर्ष उरणे हे क्वचितच लाभणारे भाग्य होय.

भारतात सापडणाऱ्या गाड्या : भारतातील जुन्या फोर्ड गाड्यांना अमेरिकन तक्ते जसेच्या तसे लावणे चुकीचे आहे. ब्रिटन सोडून ब्रिटिश साम्राज्यातील इतर प्रदेशांना गाड्या पुरविण्याचे काम कॅनडातील फोर्ड कंपनीकडे होते. तिचा कारखाना आँटॅरिओ प्रांतात, डिट्रॉइट शहरासमोरच नदीपलीकडे होता. कॅनडात तयार झालेल्या मॉडेल टीच्या एंजिनांना १९१३ पासून स्वतंत्र क्रमांकमाला असून क्रमांकाच्या आरंभी सी हे अक्षर असते. हे अक्षर दुर्लक्षून उरलेला आकडा अमेरिकन तक्त्यात पाहिल्यास गाडी अनेक वर्षे जुनी ठरते. कारण कॅनडाचे उत्पादन अमेरिकेच्या मानाने फार थोडे होते. बॉडीतही फरक आहे. अमेरिकन उघड्या गाडीत १९२६ चे मॉडेल येईपर्यंत चालकाच्या, म्हणजे डाव्या बाजूस, दाराची नुसती आकृती असे. कॅनडाच्या गाड्या उजव्या हाताने चालविण्याच्या देशांतही जात असल्याने त्यांना पुढची दोन्ही दारे उघडणारी असत. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जोडणी सुरू केली. तीसाठी भाग जहाजाने येत. अशा गाडीचे भाग घडविल्याचे वर्ष, जोडणीचे वर्ष व नोंदणीचे वर्ष ही वेगवेगळी असणे स्वाभाविक होय.

संस्थानिकांच्या गाड्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. त्यांतील रोल्स-रॉइस गाड्या विशेष प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ही कंपनी केवळ सांगाडा व यंत्रभाग विकीत असे आणि बॉडी हूपर, बार्कर यांसारख्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यांकडून करवून घेतली जाई. सांगाडा एका वर्षाचा व बॉडी पुढल्या वर्षाची, हे तर नेहमीचेच. परंतु दहा वर्षांनी जुनी बॉडी उतरवून नव्या फॅशनची चढविण्याचीही पद्धत होती. अशा गाडीचे बाह्य रूप पाहून वर्ष सांगणे म्हणजे अंगरख्यावरून माणसाचे वय सांगण्यासारखे आहे. या कंपनीच्या प्रत्येक सांगाड्याची स्वतंत्र नोंद ठेवली गेली व त्या नोंदी टिकून आहेत, ही समाधानाची बाब होय. सांगाड्यांच्या क्रमांकांत १३ हा आकडा टाळलेला असतो. मालिकेतील त्या जागी खंड दिसला, तर गाडी हरवली असे समजण्याचे कारण नाही. यांत्रिक खुणाही उपयोगी पडतात. १९२२ ते १९२९ मध्ये निघालेल्या ‘ट्वेंटी’ या गाडीला प्रथम तीन गतींची गिअरपेटी व मध्यभागी दांडा होता. १९२५ मध्ये चार गतींची पेटी, उजवीकडे दांडा व चारही चाकांना ब्रेक आले. याउलट, रेडिएटरवरील लाल अक्षरांचे बोधचिन्ह काळे झाले ते हेन्री रॉइस यांच्या १९३३ मधील निधनाचा दुखवटा म्हणून, ही कथा लोकप्रिय असली तरी खरी नाही. हा बदल सौंदर्यदृष्टीने ठरविला गेला होता. बोधचिन्ह दोन स्क्रूंच्या आधाराने बदलता येत असल्याने कालनिर्णयात त्याला फारसे महत्त्वही देता येत नाही.

कागदपत्रे : नोंदणी-पुस्तिका हा सर्वांत सहज मिळणारा आणि बहुधा सर्वांत दुबळा पुरावा होय. संस्थानांतील गाड्यांची नोंद त्या त्या संस्थानच्या दप्तरी होई. दक्षिणेतील संस्थाने १९४८ मध्ये, तर कोल्हापूर व बडोदे ही १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाली. त्यानंतर नव्याने नोंदलेल्या गाडीच्या पुस्तिकेत नोंदणीचे तेच वर्ष आढळू शकते. पुस्तिका हरवून दुय्यम प्रत काढली असल्यास निर्मितीचे वर्ष कारकुनाने मालकाला विचारून लिहिले असण्याचाही संभव असतो. मूळ विक्रीची पावती, विम्याची कागदे, संस्थानच्या जमाखर्चातील नोंद आणि तारखेसह असलेली जुनी छायाचित्रे यांना अधिक वजन द्यावे. छायाचित्रात गाडी दिसली, तर ती त्या तारखेपूर्वीची, एवढे तरी निर्विवाद ठरते. भारतीय नियम पहिल्या नोंदणीपासून वर्षे मोजत असल्यामुळे अशा फेरनोंदणी झालेल्या गाडीच्या मालकाला मूळ नोंदीचा शोध घेण्यावाचून गत्यंतर नसते.

सर्व भाग बदलले गेले, तर गाडी तीच राहते काय, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १९२९ व १९३० या दोन्ही वर्षी ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली गाडी सुमारे १ कोटी पौंडांना विकण्याचा व्यवहार झाला आणि तो १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात गेला. शर्यतींच्या काळातच गाडीचे भाग वारंवार बदलले गेले होते, १९३२ मध्ये ब्रुकलंड्स येथे तिला प्राणघातक अपघात झाला होता आणि तोपर्यंत तिच्यात मोठे, आठ लिटरचे एंजिन बसविले गेले होते. १९२९ मधील मूळ भागांपैकी फारच थोडे शिल्लक होते. तरीही तिचा इतिहास अखंड असून ती कधीही मोडीत निघाली नाही व तिची जागा दुसऱ्या गाडीने घेतली नाही, हे पाहून न्यायालयाने ती ‘ओल्ड नंबर वन’च असल्याचे ठरविले. या निर्णयाने ओळखीचा प्रश्न सोडविला. वर्षाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. तो भागागणिकच सोडवावा लागतो. म्हणूनच जाणकार परीक्षक आपल्या अहवालात एकच वर्ष न देता सांगाडा, एंजिन व बॉडी यांची वर्षे वेगवेगळी नोंदवितात आणि जेथे पुरावा अपुरा असेल तेथे ‘सुमारे’ हा शब्द लिहितात. मॉडेल-वर्ष त्यांच्यापुढे स्वतंत्रपणे दिलेले असते.